रिजेक्टची नळी

दर्यापूरहून निघताना पिशवीत असतं
दोन कॅण्डल, एक कार्बन, टेफ्लॉनची टेप, पान्हा,
आणि शर्टाच्या खिशात पेनासारखा मीटर.
त्याच्यावरच गावं पाठ झालीत मला.
बोरखेडी तेराशे.
सावळापूर अठराशे, मे महिन्यात एकवीसशे.
आमच्या गावच्या हापशीत मीटर बुडवला
की आकडा जरा थांबतो,
घरच्या माणसाला कसं सांगावं, असा.

चंद्रभागाबाई तायडे
मी झाकण उघडायच्या आत बोलायला लागते.
"भाऊ, हे पानी मुकं हाये.
घोट घेतला तं घशाले काईच म्हनत नाई."
साठ वर्षं विहिरीचं प्यायली ती.
चहा फाटायचा, तुरीची डाळ दुपारपर्यंत कडकच,
पाहुणा पहिल्या घोटाला ग्लास खाली ठेवायचा
आणि घरातले सगळे भिंतीवरचं कॅलेंडर बघायचे.
"पन बोलत होतं थे," म्हणते.

मी पंप चालू करतो.
पंप गुरगुरतो, मग दोन नळ्यांना दोन सूर लागतात.
माठाकडची, करंगळीपेक्षा बारीक, थेंब मोजून देते.
मोरीकडची मात्र सुटलेली.
कंपनीच्या पुस्तकात तिला रिजेक्ट म्हणतात.
चंद्रभागाबाई म्हणते थोरली जाऊ,
"चारातले तीन वाटे तिचेच."

थोरलीच्या बादलीत भांडी होतात, ओटा धुतला जातो.
म्हशीपुढे ठेवली तर म्हैस हुंगते
आणि मान फिरवते.
"तिच्या नाकातबी मीटर हाये, भाऊ."

उरलेलं मागच्या दारानं जातं.
तिथं एक शेवगा होता.
शेंगा मीच नेल्यात दोनदा, सर्व्हिसच्या पैशात वळत्या करून.
आता बुंधा आहे, आणि भोवती माती पांढरी,
रांगोळीचा डबा उलटा व्हावा तशी.
तिथून बोअर मोजली मी.
बावीस पावलं.

एकदा निकामी मेंब्रेन घरी आणलं,
पेपर पसरून ब्लेडनं चिरलं.
आत कागद, जाळी, कागद, जाळी,
नेसतं लुगडं सोडावं तसं संपेचना.
बोट फिरवलं. पिवळट, खरखरीत.
जिभेला लावलं.
आमचंच गाव.

बाबांना तेव्हा मंगळवार-शुक्रवार अकोल्याला न्यायचो.
मशीनपाशी बसणारा पोरगा म्हणाला,
"तुमच्याच लाइनीतलं आहे दादा, आतमध्ये पडदाच असतो."
बाबांनी ऐकलं.
चार तास छताकडे बघून झाल्यावर
सुई काढताना विचारलं,
"अन् ह्याचं रिजेक्ट कुठी जाते?"
पोरगा हसला. मी बिल भरायला खिडकीवर गेलो.

कार्बन बदलला. टाकी धुतली.
पहिले दोन ग्लास फेकले, तिसऱ्यात मीटर.
अठ्ठ्याण्णव.
"चांगलं?" 
"चांगलं."
कार्डावर तारीख टाकतो तोवर
तिला वाटलं मी बाहेर पडलो.

कोपऱ्यात जुना रांजण आहे, विहिरीचा, अजून भरते ती.
त्यातून एक ओगराळं घेतलं,
माठाचं झाकण सरकवलं,
देवाला नैवेद्य दाखवावा तसं हळू ओतलं
आणि पदराला हात पुसले.

ग्लास पुढे केला तिनं, मला, प्यायला.
बोटांच्या आड मीटर बुडवला.
एकशे एकेचाळीस.
प्यायलो.
घशात कुठंतरी, अगदी ओळखीचं,
कोणी हाक मारून गप्प झालं.

कार्डावर लिहिलं: पाणी ठीक.
पुढची भेट सहा महिन्यांनी.
गाडीला किक मारली तेव्हा
मोरीकडची नळी अजून वाहत होती
मागच्या दारानं,
बावीस पावलांच्या दिशेनं.