मारलेल्या ओळी

चेंदणीत त्या डिसेंबरात काळा कागद मिळेना.
आईने जाळ्यांसाठी उकळलेला ऐनाच्या सालीचा काढा
जुन्या पेपरांवर फासला, पेपर काचांना डकवले.
पाच वाजताच घरात जाळ्याचा वास.
जवळ जाऊन पाहिलं तर डागाखालून अक्षरं दिसायची,
'आघाडीवर', आणि पुढे भोक.

हिराजी जहाजाच्या पोटात, बॉयलरपाशी.
त्याच्या पत्राला गाव नसायचं, बंदर नसायचं.
'इथं उकडतं. मी बरा आहे.'
त्याखालच्या दोन ओळी कुणीतरी शाईने मारलेल्या.
आई त्या ओळींवरून बोट फिरवायची,
मासळीचा वास असलेलं, सुरीने चिरलेलं बोट.
हितं काय लिवलंय गो?
मी म्हणायचे, जेवलो.
दोन्ही ओळीत तेच?
दुसरीत लिहिलंय, पोटभर.

मथुरा सिव्हिल हॉस्पिटलातली नर्स.
सीमेवरच्या छावणीसाठी पाच नावं मागितली होती,
हिने सहावं आपलं घातलं आणि मग घरी सांगितलं.
तिने लिहिलं:
सलाईनच्या बाटल्या आम्ही बांबूला टांगतो,
आपल्याकडे बोंबील टांगतात तशा.
इकडे पाण्याला जोल म्हणतात.
रात्रभर सगळ्या झोपड्यांतून जोल, जोल.
पहिल्या रात्री मला वाटलं,
एवढी माणसं जाळं कशाला मागतायत.

बारक्या चौदाचा. त्याला शिट्टी मिळाली होती
आणि हाताला बांधायची पट्टी, ती कोपरापर्यंत घसरायची.
महागिरीपर्यंत ओरडत जायचा, दिवा! दिवा!
एकदा आमच्याच चुलीवर शिट्टी मारली.
आईने पळी फेकून मारली, म्हणाली,
जा, सरकारला सांग, सरकारला लागली म्हणून.

मी वागळे इस्टेटला.
लाइनीत चाळीस मुली, हातात डाग देण्याची इस्त्री,
डोळ्यांत राळेचा धूर.
वायरलेसच्या पेट्या. दिवसाला एकशेवीस सांधे.
सुपरवायझर म्हणायचा, सांधा कच्चा तर माणूस मुका.
सलग दुसऱ्या पाळीच्या शेवटी, पहाटे कधीतरी,
एक सांधा मला मळकट वाटला.
चकाकी नव्हती त्याला.
हात पुढे केला तोवर पेटी पुढे सरकली होती,
तपासणीचा शिक्का बसला, खोका बंद.
मी बोलले नाही. झोप आली होती.
इतकंच कारण. दुसरं काही नाही.

सोळा तारखेला बारक्याने काचांवरचे पेपर ओरबाडले.
कोपऱ्यात जे चिकटून राहिलं
ते पुढची दोन वर्षं कुणी काढलं नाही.
हिराजी आला, डावा कान देऊन.
मथुरा मार्चात आली. बोंबलांच्या वलांडीखालून
जायची नाही, लांबून वळसा घालायची,
आणि कुणी विचारलं तर चप्पल तुटलीय म्हणायची.
नगरपालिकेचा माणूस वही घेऊन आला,
लढाईत घरातलं कोण होतं?
आई म्हणाली, चार.
त्याने हिराजीचं नाव लिहिलं, चहा प्याला, गेला.
मला ते बरं वाटलं.
कुठल्याही वहीत मला नव्हतं जायचं.

परवा हिराजीचे दिवस झाले.
गळांच्या डब्यात पदक निघालं, त्याखाली त्याची पत्रं.
खाडीपलीकडच्या टॉवरांचा उजेड आता इतका
की घरात दिवा लावायला नको.
मी एक पत्र खिडकीशी धरलं.
पन्नास वर्षांत वरची शाई विटली होती,
खालची त्याची पेन्सिल तशीच, दाबून लिहिलेली.
पहिली ओळ पूर्ण वाचता आली.

बारक्याने चष्मा शोधत विचारलं,
काय लिहिलंय गं चांगुणा?

जेवलो, म्हटलं.
आणि पत्र घडीवर घडी घालून
मूठ मिटली.