पेचमधला समुद्र

या देशाला समुद्र नाही.
सगळ्यात जवळचा किनारा दुसऱ्याच देशाच्या नावावर.
तरी पेच शहरात, सहाव्या मजल्यावर,
बाबांच्या बैठकीत चारशे लिटर समुद्र होता
आणि त्याची भरती-ओहोटी
विजेच्या बिलावर छापून यायची.

मीठ बादलीतून यायचं, पाणी नळातून,
गाळून गाळून इतकं कोरं केलेलं
की त्याला कुठल्याच नदीची आठवण राहू नये.
मग बाबा त्यात समुद्र ढवळायचे.
आईचा सूप ढवळायचा डाव तिथे गेला तो गेलाच.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. अडतीस वर्षं.
एका दोरावर माणूस टांगू नये, म्हणायचे,
दुसरा दोर पहिल्यावरच्या संशयाने नाही बांधत,
तो आपल्याला झोप लागावी म्हणून.

त्या रात्री ते झोपलेलेच होते.

एक गोगलगाय, करंगळीच्या नखाएवढी,
काच चढून तरंगत्या गोळ्यावर जाऊन बसली.
गोळा दबला. यंत्राला वाटलं, पाणी उडालं.
यंत्र इमानी. ते भर घालत राहिलं,
गोडं पाणी, गोडं पाणी, आणखी गोडं पाणी,
पिंपात साठ लिटर होतं, त्याला कोण अडवणार.
खालची टाकी भरून वाहिली,
फरशीवरून सरकत वायरींच्या जुडग्यापाशी पोचली
आणि खटका पडला.

इतका लहान आवाज.

पंप थांबले. प्रवाळावरून वाहणारा वारा थांबला
(पाण्यातही वारा असतो, बाबा म्हणायचे, तो थांबला की श्वास संपतो).
पहाटे पाचव्या मजल्यावरच्या विन्त्सेबाई
छतातून टपकलेला थेंब बोटावर घेऊन वर आल्या,
चाटून म्हणाल्या, "बोल्दिझार, तुमचं पाणी खारट आहे."
तोवर ते पुरेसं खारट राहिलं नव्हतं.

पुढे दूधट, मग कुबट.
समुद्रफूल आधी सुटलं, कुजलं,
त्याच्या मरणाने बाकीच्यांचं मरण ओढून आणलं.
परीक्षानळीतला रंग रोज जास्त हिरवा.
चौदा वर्षांचा विदूषक मासा
कोपऱ्यात एका कुशीवर कलंडून
कुणाच्या तरी परवानगीची वाट बघत राहिला.
प्रवाळाचं मांस गळून खाली पांढरं निघालं,
तेवढं पांढरं मी एकदाच पाहिलंय,
आजोबांच्या हाताच्या क्ष-किरण चित्रात.

गोगलगाय जिवंत होती. तिथेच.
आई म्हणाली, फेकून दे.
बाबांनी तिला चिमटीत धरून दुसऱ्या बरणीत ठेवलं
आणि खूप वेळाने म्हणाले,
"अडतीस वर्षं, पिरोश्का. एकच गोळा लावला होता मी."

आता पिंप नाही. चार लिटरची बादली आहे.
चूक टळत नाही, म्हणतात,
तिचं माप आपल्या हातात असतं,
ती बादलीएवढीच व्हावी.
मोठ्या हीटरच्या जागी दोन किडुकमिडुक,
एक अडकून तापत राहिला तरी पाणी उकळू नये.
बॅटरीवरचा बुडबुड्यांचा डबा.
प्रत्येक वायर आधी खाली झोळ घेते, मग वर चढते,
थेंबाला गळून पडायला जागा हवी म्हणून.
गोळ्यावर आणखी एक गोळा, त्यावर जाळी.

आणि वाट पाहणं. तीन महिने
नुसतं पाणी, दगड, मंद दिवा.
आई विचारते, काय बघता त्यात?
"काही होत नाहीये ना, ते बघतोय."

मी रविवारी फोन करते. कसे आहात विचारलं
की ते पाण्याचे आकडे सांगतात.
खारटपणा पस्तीस. तापमान पंचवीस. बाकी ठीक.
घराची एक चावी विन्त्सेबाईंकडे असते हल्ली.
मंगळवारी त्या वर येतात,
कुणी न विचारता बोट बुडवतात, चाटतात,
थोडा विचार करतात,
"बरोबर आहे," म्हणून चप्पल घालतात.

बाबा तरीही मीटर लावून बघतात.
विन्त्सेबाई जिना उतरून गेल्यावर.