साधी काच

चरईतल्या माझ्या दुकानात येतात ती बहुतेक गेलेली माणसं,
पासपोर्टच्या फोटोवरून बारा बाय पंधरा केलेली.
शेगुलाबाई अष्टमकरांनी मात्र
साबुदाण्याच्या पिशवीतून काढला
एक म्हातारा, एक पोरगा, एक सुरी.

साडेचारशे वर्षांचं आहे, म्हणाल्या. तांब्यावर कोरून छापलेलं.
सासऱ्यांनी चोरबाजारातून आणलं सव्वा रुपयाला,
वर एक बंद घड्याळ फुकट.

मी भिंग लावलं.
दाढीचा केस न् केस सुटा. मोळीतल्या लाकडांच्या गाठीसुद्धा.
पोराच्या पाठीवर सावली अशी नाहीच,
नुसत्या रेघा, एकीवर एक आडव्या.
जवळून जाळं,
हात लांब केला की कातडी.

"म्हातारा डावखुरा होता का हो?"
"तांब्यावर उजवाच. कागदावर उलटा उतरतो."

वरचा कोपरा कसरीनं खाल्लेला.
देवदूताचं मनगट शाबूत, पुढचा पंजा गेला.
"माउंट अर्धा इंच आत घेतो, झाकलं जाईल."
"मग दूतच जाईल की सगळा."
"मग?"
"राहू दे. झुडपात एडका दिसतोय ना?"
दिसत होता. शिंगं अडकलेली,
बघत मात्र आपल्याकडेच होता.

"आणि आई कुठेय याची?" मी पट्टी मापता मापता.
"घरी."
बाहेर दोन रिक्षावाल्यांचं जुंपलं होतं,
ते आम्ही शेवटपर्यंत ऐकलं.

"अश्दोदला पाठवणार, दानिएलकडे?"
"नाही. इथंच. त्याच्या खोलीत."

मी नवी काच दाखवली, न चकाकणारी,
दीडशे जास्त, पण चित्रात आपलं तोंड मध्ये येत नाही.
त्यांनी ती बोटानं बाजूला सारली.
"साधी घाला.
आणि शनिवारी नको, रविवारी येते."

रविवारी फ्रेम काउंटरवर उभी करून दिली.
पैसे मुठीत तसेच.
एक पाऊल डावीकडे सरकल्या, मग अर्धं मागे,
घर बदलल्यावर कपाट कुठं लावायचं ते बघतात तशा.
मग हात वर केला,
खांद्याच्याही वर,
आणि धरून ठेवला.

माझ्या बाजूनं काचेत
नुसती ट्यूबलाइट.