एक्सपोर्ट

नाव एक्सपोर्ट, पण ही बियर
ह्योर्डेच्या पुलापलीकडे गेलेली मी तरी पाहिली नाही.
सासऱ्याच्या काळी पिंपं यायची
घोडागाडीतून, दोन गल्ल्या ओलांडून,
आणि दिवेलागणीच्या आत रिकामी परत जायची.
एवढाच तिचा परदेश.

रंग म्हणाल तर वाळल्या सातूच्या काडीचा.
पिल्ससारखी जिभेला चिमटा काढत नाही,
बव्हेरियातल्या हेलेससारखी गोडगोड बोलत नाही.
मधली. अंगापिंडाने भरलेली.
डॉर्टमुंडचं पाणीच जड,
किटलीत पांढरं पुट धरणारं,
ते चहाची माती करतं आणि बियरचं सोनं.

भट्टीवरची माणसं पाळी सुटली की थेट इथे,
भुवया करपलेल्या, पाठीवर मिठाचे नकाशे.
पहिला ग्लास ती प्यायची नाहीत,
आत ओतायची, तापल्या लोखंडावर पाणी ओतावं तसा.
चर्र आवाज येतो, असं एगॉन म्हणायचा.
माझा नवरा. थापाड्या होता,
पण हे मला खरं वाटायचं.
दुसऱ्या ग्लासाला माणसांना कंठ फुटायचा.
एवाल्ड कोत्सुला मात्र तिसऱ्याला गप्प व्हायचा;
चौऱ्याहत्तरच्या त्या रात्रपाळीबद्दल
त्याला विचारायचं नाही, असा इथला कायदा.
नुरेत्तिन बियरला शिवायचा नाही.
त्याची माल्टची काळी बाटली वेगळ्या फळीवर,
पण दुसऱ्यांच्या ग्लासात फेस किती हवा
यावर सगळ्यात जास्त तोच भांडायचा.

मग भट्टी विझली.
भोंगा वाजला नाही म्हणून मी उशिरा उठले,
त्या दिवसाचं एवढंच आठवतं.

पुढे चीनहून कामगार आले,
कारखाना उचलून न्यायला.
उचलून म्हणजे खरोखर उचलून:
बोल्ट न् बोल्ट, तुळई न् तुळई,
प्रत्येक तुकड्यावर खडूने आकडा,
मग खोकी, मग जहाज.
एवाल्ड खिडकीत बसून मोजायचा.
"बघ इर्मट्राउट," म्हणाला,
"जन्मभर आपण एक्सपोर्ट प्यालो,
आणि एक्सपोर्ट झालं ते हे."
कुणी हसलं नाही.
मी नळ उघडला, उगाच, आणि बंद केला.

त्यांच्यातला एक रविवारी यायचा, एकटाच.
शू ग्वोलियांग. नाव पुठ्ठ्याच्या चकतीवर लिहून दिलं होतं,
मला अजून नीट म्हणता येत नाही.
एकच ग्लास घ्यायचा,
दोन्ही तळव्यांत धरून, गरम असल्यासारखा.
एकदा एवाल्ड उठला, त्याच्यासमोर जाऊन बसला.
मी फडकं खाली ठेवलं. आता पेटणार.
पण एवाल्डने फेसात बोट बुडवलं
आणि टेबलावर काढायला लागला:
ही नळी, हा दांडा, ही झडप.
ही थंडीत अडकते. कितीही तेल घाल, अडकतेच.
मग डावीकडून एक द्यायची, अशी.
दिली. ग्लास हिंदकळले.
पोराने मान डोलावली, बराच वेळ,
खिशातून खडू काढला
आणि थाप पडली होती तिथे
आकडा लिहिला. चारशे अकरा.

आता तिथे तळं आहे.
शिडाच्या होड्या, काठावर काचेची घरं,
लोक येतात आणि पांढरी वाईन मागतात.
ठेवते, न ठेवून सांगते कुणाला.
एवाल्डला जाऊन दोन हिवाळे झाले.
आकड्यावरून मी वार्निशचा हात फिरवून घेतला होता,
वेळेवर सुचलं म्हणून.
नवं गिऱ्हाईक विचारतं, हा टेबलाचा नंबर का?
चारशे टेबलं कुठे आहेत इथे?
मी हो म्हणते.

कधी तळघरात पिंप बदलताना,
बोटं गारठलेली असताना वाटतं,
तिकडेही थंडी पडली असेल,
किती वाजले असतील, मला हिशेब येत नाही,
झडप अडकली असेल,
आणि कुणीतरी बाही सरसावून
डावीकडे सरकत असेल.

मग वर येते, ग्लास तिरका धरते,
फेस बसेपर्यंत थांबते.
नुरेत्तिन बघतोय.