इंचाला आठ टाके

उजळाईवाडीच्या माळावर विमान उतरलं तेव्हा
ज्ञानू बोंगाळे पापाच्या तिकटीला
कुणाच्या तरी लग्नाचा कोट बेतत होता.
साहेबाचा शिपाई सायकलवरून आला :
सुई तुझी घे, दोरा आमचा.

पंख कापडाचा निघाला.
वर रोगणाचा थर, वास पिकल्या केळ्यासारखा,
आणि ब्रह्मदेशातून आलेलं एक भोक.
ज्ञानूची करंगळी त्यात बरोबर बसली.
आत हात घालून त्यानं फासळ्या चाचपल्या,
गाभण म्हशीच्या चाचपाव्यात तशा.
कोण चालवत होतं, विचारलं नाही.
सीटवरचा डाग कुणीतरी आधीच घासला होता.

इंचाला आठ टाके.
साहेबानं पट्टी लावून मोजले.

लढाई सरली. तेच विमान टपाल नेऊ लागलं,
एकदा पुरात औषधं,
एकदा म्हणे कुठल्याशा संस्थानिकाचं आजारी कुत्रं.
घरघर आली की ज्ञानू गळ्यात टेप तसाच ठेवून
रस्त्यावर यायचा.
खालून ठिगळ दिसत नसे.
तरी बोट दाखवायचा.

हाताखालच्या पोराला सांगायचा,
माणसाच्या कपड्याला इंचभर माया ठेव,
उद्या पोट सुटंल.
पंखाला मातूर नको.
वारा तेवढ्यातनंच शिरतो.