उबेसाठी जास्तीची दोन

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी पोस्टातून फोन.
आर्डिसच्या आधी
तिच्या पाठीमागचं खोकंच बोललं,
जणू कुणी ओल्या बोटानं काच घासतंय.
'लवकर ये,' ती म्हणाली, 'मला पत्रं लावायला सुचेना.'

बाहेर रस्त्याकडेला मळका बर्फ.
नॉर्थ डाकोटात एप्रिल हा
फक्त कॅलेंडर छापणाऱ्याचा शब्द.

चोवीस वर्षं पिल्लं घेतली ती हाल्वरकडून.
गोठ्यात, लाल दिव्याखाली, तो बोटानं दाखवायचा:
ही घे, हिची आई कोल्ह्याच्या तोंडातून परत आलेली.
ती नको, पाय बघ तिचे.
मी नेमकी तीच घ्यायचे.
पैसे नाहीत. पानगळीत अंडी द्यायची,
आणि त्यानं केलेली कॉफी
तळापर्यंत प्यायची, हे जरा महाग पडायचं.
मग अकरा मिनिटांचा रस्ता,
मांडीवर बुटांचं खोकं, झाकणावर हात,
हाताखाली बारीक धडधड.

आता हाल्वर मायनॉटला, वृद्धाश्रमात.
खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते.
मागच्या रविवारी त्यानं विचारलं,
'खुडूक बसली का एखादी?'
बसली, म्हणाले मी.
एकही बसली नव्हती.

म्हणून कॅटलॉग. म्हणून आयोवा.
प्रत्येक जातीचं रंगीत चित्र, अंड्याचा रंग, भाव,
आणि खाली बारीक अक्षरात:
पंचवीसच्या आत पाठवत नाही,
एकमेकांची ऊब लागते.

फुटण्याआधी अंड्यातला उरला बलक
पिल्लू पोटात ओढून घेतं.
तीन दिवसांची शिदोरी.
जगात येताना डबा बांधून येणारा
दुसरा पाहुणा मला ठाऊक नाही.
त्या डब्याच्या भरवशावर
आपण त्याला ट्रकमध्ये चढवतो.

काउंटरवर झाकण उचललं.
आर्डिसनं मोजली, मग मी मोजली.
मागवलेली पंचवीस, आलेली सत्तावीस.
बिलावर शिक्का: उबेसाठी जास्तीची दोन, नर, फुकट.
आणि कोपऱ्यात एक
पाकिटासारखं चपटं.
ते मोजणीतलं की उबेचं?
आर्डिस म्हणाली, 'म्हणजे हिशेब जुळला उलट.'
मग आपल्याच बोलण्यानं तिला कसंतरी झालं
आणि तिनं शिक्क्यांची पेटी उगाच सरळ केली.

जमीन अजून दगड आहे.
ते कॉफीच्या डब्यात ठेवलंय, माती सुटेपर्यंत.

घरी एकेकाची चोच पाण्यात बुडवली.
पाणी म्हणजे काय ते आईवाचून कळत नाही,
दाखवावं लागतं. हेही हाल्वरचंच.
सव्वीस वेळा दाखवलं.
तरी ओरड थांबेना.

शेवटी मायनॉटला फोन लावला
आणि बोलण्याऐवजी
फोनच खोक्यात धरला.
बराच वेळ पलीकडून नुसता श्वास.
ही कुणाची, कुठली, काही विचारलं नाही त्यानं.
म्हणाला, 'दिवा वर राहिलाय. दोन बोटं खाली घे.'

घेतला.
एकेक करून ती गप्प होत गेली,
शेवटचं एक सोडून.
'ते राहू दे,' तो म्हणाला,
'तसलं एक असतंच.'