सात सेकंद आधी

मे महिना, अजनी, दुपारचे तीन.
कूलरच्या वाळ्यातून ओलसर वारा
आणि जेवणाच्या टेबलावर माझी पितळी की,
टॉर्चच्या दोन सेलवर जागी झालेली.
आतल्या खोलीत दुसऱ्या टोकाला मेश्राम,
पंचवीस वर्षं इटारसीला बसायचा तो,
हातात पेन्सिल, पेन्सिलीला कंप.
शेजारची तन्मयी म्हणाली,
"आजोबा, आज हरून राहिले न तुम्ही."
तिचा भाऊ घड्याळ धरून उभा.

वाक्य तिनंच काढलं:
सहाला झिरो माइलपाशी ये, संत्रा बर्फी आण.

तिचे दोन अंगठे, माझं एक मनगट.
कट्ट, कडकट्ट, कट्ट.
मेश्राम ओरडला, "झालं!"
आणि ती अजून बर्फीवर अडलेली,
फोननं बर्फीचा बर्फ केला होता.
सात सेकंदांनी जिंकलो.

"चीटिंग आहे," ती चिडली,
"मी लिहायच्या आधीच शब्द पुढं करते हा,
मी काय म्हणणार ते याला काहून माहीत?"

माझं हसू तिथंच थांबलं.

चांगला तारमास्तर आवाजाच्या मागं राहतो,
तीन शब्द मागं, मालगाडीच्या गार्डासारखा.
मी पुढं धावायचो.
सगळ्या ऑफिसात माझ्याइतकी जलद पेन्सिल नव्हती.
शहात्तर साल. इटारसीहून तार:
वडिलांची प्रकृती
हे दोन शब्द हजारदा उतरवलेले,
त्यांच्यामागं काय येतं ते बोटांना पाठ.
मी लिहिलं, गंभीर.
मेश्रामनं पाठवलं होतं, सुधारली.

मग बावनकर सायकल घेऊन निघाला,
बुलडीहून इतवारी, डोक्याला ओला पंचा,
वाटेत पंक्चर.
तारेला लागला होता एक मिनिट,
कागदाला दोन तास.
ते दोन तास त्या घरात सगळं ठीक होतं,
कुणीतरी पापड वाळत घालत असेल.

मुलगा रात्रीच्या पॅसेंजरनं गेला, उभ्यानं.
बाप ओट्यावर कणीस खात बसलेला.
मुलाचा चेहरा पाहून त्यानं विचारलं,
"कोण गेलं?"

तक्रार आली नाही.
दुसऱ्या रात्री लाइन रिकामी असताना
मेश्रामनं एकच शब्द ठोकला,
सावकाश.
त्यानं कुणालाच सांगितलं नाही. मीही नाही,
आज या पोरीला सांगेपर्यंत.

ती फोन उलटा ठेवून ऐकत होती.
तिच्या मैत्रिणीचं उत्तर येऊन पडलं असेल.

आतून साउंडर वाजू लागला.
मेश्रामचा हात आता थरथरतो,
एका टिंबाची दोन होतात.
"काय म्हणून राहिले ते?" तन्मयीनं विचारलं.
मला माहीत होतं काय म्हणणार.
तरी थांबलो,
शेवटचं अक्षर येऊ दिलं.

"चहा," मी म्हणालो.
"चहा टाक म्हणतो."